मी जेवत होतो, तेव्हा मी बाहेर गेलो

“अध्यक्ष, तुमी घरात कसे काय? तुमी तं बाहेर गेले!”

आमच्या बिल्डिंगचे खजिनदार माझ्या दारात उभे राहून असे ओरडत होते, की मलाच वाटलं, आपण इथं असणं बरोबर नाही. दुपारचा पाऊण वाजला होता. माझ्या ताटात पातोड्यांची भाजी होती, हातात भाकरीचा तुकडा होता, आणि तोंड भरलेलं होतं. एवढे तीन पुरावे समोर असताना हा माणूस माझ्या असण्यावरच शंका घेत होता.

“मी कुठी गेलो?” मी घास गिळून विचारलं.

“थे मले काय माहीत? बारा वाजून अठरा मिनिटाले गेले. हे पाहा.” त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यावर माझा फोटो होता, फोटोखाली माझं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, बाहेर.

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गैरहजर असताना हजेरी कशी लागते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण घरात बसून जेवत असताना आपण गेल्याची नोंद होते, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझी बायको स्वयंपाकघरातून आली, तिनं मोबाइल पाहिला, मग मला पाहिलं.

“कुठी गेलते तुमी?”

“आवं, तुह्यासमोर जेवून राह्यलो ना मी.”

“थे दिसून राह्यलं मले. पन मंग मशीन खोटं कायले बोलन?”

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या शब्दाला जी किंमत मिळाली नाही, ती दोन महिन्यांपूर्वी भिंतीला ठोकलेल्या डब्याला मिळाली होती. यावर मी मोठं भाषण करणार होतो. तेवढ्यात जिन्यातून वहिनी आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. गुडघे धरत, कठडा धरत, एकेक पायरी करत. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “हे तुमच्यासंग नाई काय?”

तेव्हा सगळं कळलं. वहिनींचे यजमान घरात नव्हते, पार्किंगमध्ये नव्हते, गच्चीवर नव्हते. वहिनींनी खजिनदारांना विचारलं होतं. खजिनदारांनी मोबाइल उघडून पाहिला, तर तासाभरात बिल्डिंगमधून एकच माणूस बाहेर पडलेला, आणि तो मी. तेव्हा त्यांनी वहिनींना धीर दिला, की घाबरू नोका, अध्यक्षासंगच गेले असतीन. आणि मी कुठं गेलो ते विचारायला ते माझ्या घरी आले, तर अध्यक्ष पातोड्या खात होते.

वहिनींचे यजमान रेल्वेचे गेटमन होते. अनसिंग रोडवरच्या फाटकावर त्यांनी आयुष्य काढलं. माझी बस त्या फाटकाशी किती वेळा अडकली, त्याचा हिशेब लावला तर माझ्या नोकरीतली निदान चार वर्षं त्या फाटकाशी उभं राहण्यात गेली असतील. मी दारात लटकून ओरडायचो, “खोल ना बाप्पा, गाडी कुठी दिसून राह्यली?” आणि हा माणूस गुमटीतून मान बाहेर काढून म्हणायचा, “स्टेशनावरून फोन नाई आला.” आमदार येवो, वरात येवो, फोन आल्याशिवाय फाटक उघडलं नाही. नवरदेव घोड्यावरून उतरून त्यांच्या पाया पडला होता एकदा. तरी नाही.

अशा माणसाची आठवण हळूहळू जायला लागली. आधी नातवांची नावं गेली, मग वार गेले. मग ते स्वतःच जायला लागले. एकदा शेलूबाजारच्या जीपमध्ये जाऊन बसले, ड्रायव्हरनं ओळखलं म्हणून परत आले. एकदा मार्केट यार्डात सापडले, पायात चप्पल नाही. वहिनींनी मग बाजारात जाताना घराला बाहेरून कुलूप लावलं. परत आल्या तेव्हा दाराला आतून रक्त लागलेलं होतं. इतके हात मारले होते त्यांनी दारावर. त्या दिवसापासून वहिनींनी घराला कुलूप लावलं नाही.

आणि त्याच वहिनी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. बाई कधी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “खालच्या गेटाले असं कायतरी बसवा, का ह्याइले जिना चढता आला पायजे, पार्किंगमंदी फिरता आलं पायजे, पन रोडावर जाता नाई आलं पायजे.”

म्हणजे लोक समजतात तसं चोराला बाहेर ठेवायला आम्ही ते यंत्र बसवलं नाही. आमच्या चार मजल्यांत चोरानं येऊन रडावं, असंच सगळ्यांचं सामान आहे. ते बसलं एका माणसाला आत ठेवायला.

बसवायला कारंजाहून एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, पण हातात ड्रिल मशीन अशी धरायची की भिंतच मागं सरकायची. दोन दिवसांत तिनं काय काय जोडलं! गेटला चुंबकाचं कुलूप, असं की दोन बैल जुंपले तरी हलणार नाही. गेटच्या बाहेर एक डबा आणि आत एक डबा, दोन्हींत कॅमेरा. प्रत्येक घरात इंटरकॉम, त्याला छोटा पडदा. पाहुणा खाली आला की बटण दाबणार, तुमच्या घरात घंटी वाजणार, पडद्यावर त्याचं तोंड दिसणार, तुम्ही बोलणार आणि घरातूनच गेट उघडणार. आणि बिल्डिंगमधल्या माणसाला काहीच करायचं नाही. डब्यासमोर उभं राहायचं, डबा चेहरा ओळखणार, गेट उघडणार आणि बाईच्या आवाजात म्हणणार, “ओळख पटली. धन्यवाद.” लाइट गेली तरी बॅटरीवर चालू. लाइट जाते हे तिला सांगावं लागलं नाही, ती कारंजाचीच होती.

सगळ्यांचे चेहरे त्यात भरायचे होते, फक्त गेटमनचा सोडून. त्यांचा चेहरा मुद्दाम भरायचा नाही, असं वहिनींसमोर ठरलं. म्हणजे ते आतल्या डब्यासमोर जाऊन उभे राहिले तरी गेट उघडणार नाही.

आणि तसंच झालं. दोन महिने ते रोज सकाळी उघड्या डोक्यानं खाली यायचे, डब्यासमोर उभे राहायचे, डबा म्हणायचा, “ओळख पटली नाही.” ते थोडा वेळ थांबायचे. मान हलवायचे. मग मला किंवा जो कोणी दिसेल त्याला सांगायचे, “फोन नाई आला अजून.” आणि शहाण्यासारखे वर जायचे. मी बायकोला म्हणालोही, की पाह्य, जलमभर दुसऱ्याइले थांबवलं, म्हून थांबता येते त्याइले.

मग त्या दिवशी त्यांची ओळख कशी पटली?

खजिनदारांनी माझ्याच बैठकीत मोबाइलवर बारा अठराचं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही चौघांनी डोकी जवळ घेऊन पाहिलं. डब्यासमोर एक माणूस येतो. अंगात निळा शर्ट, काखेत कापडाच्या दोन गुंडाळ्या, एक लाल आणि एक हिरवी. डोक्याला, कानाला, हनुवटीला पांढरा दुपट्टा घट्ट बांधलेला, उन्हात निघालेला आपल्याकडचा कोणीही माणूस बांधतो तसा. दिसतात फक्त डोळे आणि नाकाचा शेंडा. माणूस थांबतो. पडद्यावर माझा फोटो येतो. आणि माझा फोटो कसा आहे? डोक्याला, कानाला, हनुवटीला पांढरा दुपट्टा. डोळे आणि नाकाचा शेंडा.

“ओळख पटली. धन्यवाद.”

गेट उघडलं आणि ते गेले.

मी आयुष्यात भल्याभल्यांची बोलती बंद केली आहे, पण माझी बोलती बंद करणारा माझाच फोटो निघाला.

आता फोटोत मी दुपट्टा का बांधला होता, ते सांगतो. मी लोकांना सांगत आलो, की त्या दिवशी ऊन फार होतं. ते खोटं नाही. एप्रिलच्या सुरुवातीलाच त्या दिवशी इतकं ऊन होतं की कावळे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चालत जात होते. पण खरं कारण ऊन नव्हतं. मी सकाळीच डोक्याला मेंदी लावली होती. ओली मेंदी, हिरवीगार, कपाळावरून ओघळणारी. तेवढ्यात खालून निरोप आला, अध्यक्षांचा चेहरा पहिला घ्यायचा आहे, सगळे जमले आहेत. मेंदीचं डोकं घेऊन अध्यक्ष कसा जाणार? वरून दुपट्टा आवळला आणि गेलो.

ती मुलगी म्हणाली, “काका, दुपट्टा सोडा.”

“नाई सोडत.”

“मशीनले चेहरा पायजे पुरा.”

“मशीन वाशीमात चालवायचं हाय का लंडनात? इथं सहा महिने माणूस असाच दिसते.”

ती हसली नाही. “काका, मी सांगून राह्यली. मंग मले म्हनजा नोका.”

पण माझ्या मागं रांग होती, आणि रांगेनं ऐकलं होतं. दुसऱ्या नंबरवर खजिनदार. त्यांनीही खांद्यावरचा दुपट्टा काढून डोक्याला बांधला. का, तर अध्यक्षांनी बांधला. तिसऱ्यानं बांधला. पहिल्या मजल्यावरचे गुरुजी, जे बाराही महिने उघड्या डोक्यानं फिरतात, ते दुपट्टा आणायला घरी गेले. बायकांनी पदर घेतले. अर्ध्या तासात आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा पुरुषांचे अकरा दुपट्टे मशीनमध्ये गेले, आणि त्याला आम्ही चेहरे म्हणालो.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळे उघड्या डोक्यानं फिरून आले, तर मशीन एकालाही घेईना. बाहेर हा गोंधळ. मी त्या मुलीला फोन करून झापलं. ती दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, आता दोनच रस्ते आहेत. परत सगळ्यांचे चेहरे घ्या, नाहीतर मशीनची तपासणी ढिली करते, थोडंसं जुळलं तरी उघडेल. परत चेहरे घ्यायचे म्हणजे परत रांग, आणि माझ्या कपाळावर अजून मेंदीचा नारिंगी पट्टा होता. मी म्हणालो, “ढिली कर.”

एवढंच. याच्यापेक्षा मोठा गुन्हा मी केलेला नाही, आणि हा पुरेसा होता.

वहिनींनी रेकॉर्डिंग पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीला धरलं. “पानी नेलं नाई त्याइनं,” एवढंच म्हणाल्या.

मे अखेरची दुपार, चव्वेचाळीसच्या वर पारा, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि निघून अर्धा तास झालेला. त्या उन्हात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येत होतं. असल्या उन्हात माणूस चालायला निघतो आणि कुठंतरी भिंतीला टेकून बसतो, आणि येणारे-जाणारे समजतात की झोपला आहे. त्या उन्हाळ्यात असे बसलेले दोघं माझ्याच ओळखीचे होते. दोघंही उठले नाहीत. मी हे वहिनींसमोर बोललो नाही, पण त्या वाशीमच्याच आहेत. त्यांना सांगायची गरज नव्हती.

चार मोटरसायकली निघाल्या. गुरुजी मार्केट यार्डाकडे, दोघं जीपस्टँडवर, खजिनदार माझ्या मागं बसून माझ्यासोबत. मी आधी एसटी स्टँड पाहिला, कारण मला माणूस हरवला की तो स्टँडवरच असणार असं वाटतं. तिथं नव्हते. रस्त्याच्या कडेला दुपट्टा बांधून बसलेला प्रत्येक माणूस मला तेच वाटत होता. मी अशा सहा जणांना हलवून उठवलं. सहाही जणांनी शिव्या दिल्या, आणि मला शिव्या ऐकून इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग खजिनदार मागून म्हणाले, “काखेत झेंडे होते ना हो त्याइच्या?”

लाल आणि हिरव्या गुंडाळ्या. वहिनींनीच ब्लाउजच्या कापडाचे शिवून दिले होते, घरात हातात काहीतरी असावं म्हणून. मी गाडी वळवली.

अनसिंग रोडवर आता वरून पूल गेला आहे. फाटक काढून टाकलं, रस्ता दोन्हीकडून अडवला. पण पुलाचा वळसा नको म्हणून लोकांनी अडथळ्याला भगदाड पाडलं आहे, आणि मोटरसायकलवाले सर्रास रुळावरून गाड्या काढतात. आम्ही पुलाखाली पोहोचलो आणि मी ब्रेक असा दाबला की खजिनदार माझ्या पाठीवर चढले.

भगदाडासमोर रांग लागली होती. मी कमी करून सांगतो आहे, तरी दहा-बारा मोटरसायकली, एक दुधाच्या कॅनवाला, दोन सायकली आणि बकऱ्या घेऊन एक म्हातारी. सगळे भर उन्हात मुकाट उभे. आणि रांगेच्या तोंडाशी, निळ्या शर्टात, दुपट्टा बांधून, लाल कापड आडवं धरून आमचे गेटमन.

एक पोरगेला मोटरसायकलवाला म्हणत होता, “आजोबा, फाटक कवाचं बंद झालं. जाऊ द्या ना.”

“गाडी हाय.”

“कुठी हाय? दिसून राह्यली का?”

“गाडी हाय.”

“ऊन पाहा ना जरा, आजोबा. डोस्कं भाजून राह्यलं.”

“दुपट्टा बांध,” गेटमन म्हणाले, आणि कापड खाली घेतलं नाही.

मी पुढं जाणार, तेवढ्यात रूळ थरथरले. वळणामागून मालगाडी आली. काय सांगू, अशी आली की पूल हलला आणि बकऱ्या म्हातारीच्या लुगड्यात शिरल्या. मी त्या गाडीचे डबे मोजले नाहीत. मोजले असते तर अजून मोजत असतो. ती गेल्यावर इतकी शांतता झाली, की दुधाच्या कॅनमध्ये दूध हललेलं ऐकू आलं. तो मोटरसायकलवाला गाडीवरून उतरून उभा होता. त्यानं हात जोडले, पण कोणाला जोडावे हे त्याला कळत नव्हतं, म्हणून रुळाकडेच जोडले.

गेटमननी लाल कापड गुंडाळलं, काखेत घातलं, हिरवं काढलं. रांग हळूहळू, एकेक करून, शाळेतल्या पोरांसारखी पार झाली. मी जवळ गेलो. ओठ फुटले होते, डोळे लाल झाले होते, दुपट्टा घामानं भिजून वाळून मिठानं कडक झाला होता. त्यांनी मला नीट पाहिलं.

“कंडक्टर,” ते म्हणाले, “तुह्यी बस कुठी हाय?”

गेल्या वर्षभरात त्यांनी मला एकदाही ओळखलं नव्हतं. मी त्यांना धरून पुलाच्या सावलीत नेलं. खजिनदारांनी मागं थांबलेल्या दूधवाल्याकडून पाणी घेतलं आणि त्यांच्या ओठांना लावलं.

दवाखान्यात दोन सलाइन लागल्या. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं. संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले. सगळ्यांना कोणाला तरी धरायचं होतं. कोणी म्हणालं मशीनच बोगस, कोणी म्हणालं कारंजाच्या बाईला बोलवा. मी उभा राहिलो आणि मेंदीचं सांगितलं. आधी लपवलेलं सगळं सांगितलं, कपाळावरच्या नारिंगी पट्ट्यासकट. मला वाटलं लोक हसतील. माझ्या बोलण्यावर वाशीम जिल्हा हसतो. कोणी हसलं नाही. गुरुजींनी खांद्यावरचा दुपट्टा हळूच काढून मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. दारावर पंचशील झेंड्याचं स्टिकर, दार नेहमीसारखं उघडं. गेटमन पलंगावर झोपले होते, पंखा फुल. वहिनी खाली बसून तुरीची डाळ निवडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो.

“वैनी, चूक माही झाली. मी त्या पोरीले फोन केला. ते परवा येऊन राह्यली. सगळ्याइचे चेहरे नव्यानं घेतो, एकाच्या बी डोक्यावर दुपट्टा नाई. तपासनी कडक करतो. मंग पाहा, माशी बी बाहेर नाई जाऊ शकनार. तुमी बिनघोर राहा.”

वहिनींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“त्याइचाही घ्या,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “कोनाचा?”

“ह्याइचा. चेहरा.”

“वैनी, अवो, मंग गेट उघडन ना ह्याइच्यासाठी. आपन एवढं केलं, थे कायसाठी केलं मंग?”

त्यांनी सूप हलवलं, डाळ एका बाजूला आणली.

“उघडू द्या,” त्या म्हणाल्या. “मी जात जाईन त्याइच्या मांगून.”